बुडालेल्या बोटीवर पोट भरणारं गाव : बालीतलं तुलांबेन आणि निवतीची ‘गुलदार’

डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हवेचा सिलिंडर. कधी एक, कधी दोन एकावर एक आडवे. पायाखाली काळे गुळगुळीत गोटे, त्यातून वाट काढत बायका किनाऱ्यावर चालल्या आहेत. भरलेला एक सिलिंडर पंधरा किलोच्या आसपास जातो, म्हणजे दोन घेतले की तीस किलो. हात सोडून चालतात. मागून रिकाम्या हाताने येणारे गोरे पाहुणे त्याच गोट्यांवर घसरत, एकमेकांना धरत पाण्यापर्यंत पोहोचतात.

हे गाव आपल्याकडचं नाही. इंडोनेशियातल्या बाली बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावरचं तुलांबेन. जमीन लाव्हाची, कोरडी, पाऊस कमी. पूर्वी थोडी मासेमारी आणि थोडी शेती, यापलीकडे फारसं काही नव्हतं. आज जगभरातून लोक तिथं येतात ते किनाऱ्यापासून जेमतेम तीस-चाळीस मीटरवर पाण्याखाली पडलेली एक जुनी अमेरिकन मालवाहू आगबोट बघायला. नाव ‘लिबर्टी’.

सिंधुदुर्गात हे वाचायचं कारण म्हणजे ‘गुलदार’. नौदलाची ही नौका 12 जानेवारी 2024 रोजी पोर्ट ब्लेअरला सेवेतून निवृत्त झाली. फेब्रुवारी 2025 मध्ये ती महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे सोपवण्यात आली. वेंगुर्ले तालुक्यात निवती रॉकजवळ ती समुद्राच्या तळाशी बसवायची, भोवती मासे-प्रवाळ वाढू द्यायचे आणि पर्यटकांना स्कुबा डायव्हिंगने दाखवायची, अशी ही योजना. चांगली बोट मुद्दाम बुडवायची कशाला, असं नाक्यावर कुणी विचारलं तर त्यात वावगं काही नाही. त्याचं उत्तर तुलांबेनला बऱ्यापैकी मिळतं. काही उत्तरं गोड आहेत, काही नाहीत.

लिबर्टी तिथं आली कशी?

लिबर्टी 1918 साली अमेरिकेत न्यू जर्सीत बांधली गेली. लांबी सुमारे 120 मीटर. म्हणजे आपली एसटी साधारण अकरा मीटरची धरली तर दहा-अकरा गाड्या एकामागे एक लावल्या, एवढी. दुसऱ्या महायुद्धात ती अमेरिकन लष्कराचा माल वाहत होती. जानेवारी 1942 मध्ये ऑस्ट्रेलियाहून फिलिपिन्सकडे निघाली, तेव्हा पोटात रेल्वेचे सुटे भाग आणि रबर होतं. 11 जानेवारीला बाली आणि लोंबोक बेटांच्या परिसरात ‘आय-166’ या जपानी पाणबुडीने तिला टॉर्पेडो मारला.

बोट लगेच बुडाली नाही. एक अमेरिकन आणि एक डच अशा दोन युद्धनौकांनी तिला दोर बांधून बालीच्या उत्तरेकडच्या सिंगाराजा बंदराकडे ओढत न्यायला सुरुवात केली. पण आत पाणी इतकं भरत गेलं की बंदर गाठणं शक्य नाही हे कळून चुकलं. मग तुलांबेनच्या किनाऱ्यावरच तिला चढवली. माल वाचवायचा हा हेतू, आणि तो बराचसा साधलाही. पुढे जवळजवळ एकवीस वर्षं ही प्रचंड बोट गावासमोर वाळत, गंजत पडून होती. तेव्हा कुणाला सांगितलं असतं की या भंगारावर तुमची नातवंडं जेवतील, तर लोक हसले असते.

1963 मध्ये गावाच्या डोक्यावरचा आगुंग ज्वालामुखी फुटला. सुमारे 3000 मीटर उंचीचा हा डोंगर बालीच्या लोकांना पवित्र. त्या उद्रेकात हजाराहून अधिक माणसं मेली, शेतं-घरं राखेखाली गेली. त्याच काळात जमिनीला बसलेल्या हादऱ्यांनी किनाऱ्यावरची लिबर्टी सरकली आणि उतारावरून घसरत समुद्रात गेली. तिथं ती एका कुशीवर विसावली. वरचा भाग पाच मीटरच्या आसपास, खालचा जवळजवळ तीस मीटरवर. ज्या संकटाने गावाची राखरांगोळी केली, त्यानेच ही बोट बरोबर अशा खोलीवर नेऊन ठेवली की नवशिक्याला वरचा भाग बघता यावा आणि मुरलेल्याला खालपर्यंत जाता यावं.

लोखंडावर मासा कसा येतो?

रांपण ओढणाऱ्याला किंवा गळ टाकणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. उघड्या वाळूत मासा फिरता असतो, खडकापाशी तो टिकतो. समुद्राच्या पाण्यात प्रवाळ, कालवं, शिंपले, स्पंज यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं तरंगत असतात. त्यांना बसायला कडक जागा लागते. वाळू हलते, तिच्यावर ती धरत नाहीत. लोखंडी बोट म्हणजे त्यांच्यासाठी आयता खडक. आधी शेवाळ, मग कालवं-स्पंज, मग प्रवाळ. शेवाळ खायला छोटे मासे येतात, छोट्यांना खायला मोठे येतात. बोटीच्या खोल्या, भोकं, शिडीखालच्या सांदी यांत हेकरूसारखे मासे दडून बसतात.

बालीचं पाणी वर्षभर साधारण 26 ते 29 अंश सेल्सियस असतं. अशा उबदार पाण्यात प्रवाळ जोमाने वाढतं. साठ वर्षांत लिबर्टीचं मूळ लोखंड कुठं दिसतं आणि कुठं दिसत नाही अशी गत झाली आहे. तोफेची बैठक, मालाचे मोठे कप्पे, सुकाणूचा भाग ओळखू येतो, पण सगळ्यावर रंगीत झाडोरा. डोक्यावर टेंगूळ असलेले मोठे पोपटमासे रात्री या बोटीच्या आडोशाला झोपतात. ते उठून बाहेर पडताना बघायला मिळावेत म्हणून पाहुणे पहाटे अंधारातच पाण्यात उतरतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. बोट बुडवली की दुसऱ्या वर्षी मासाच मासा, असं होत नाही. छोटे मासे काही महिन्यांत येतात. प्रवाळ बसायला वर्षं जातात आणि पाणी गढूळ असेल तर आणखी जास्त, कारण त्याला सूर्यप्रकाश लागतो. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात नद्यांचा गाळ येतो, समुद्र खवळतो आणि डायव्हिंग बंदच असतं. त्यामुळं निवतीला हुबेहूब बाली होईल, अशी अपेक्षा धरून चालू नये.

खाली गेल्यावर शरीराचं काय होतं?

विहिरीत सूर मारून तळाची माती वर आणणारे गावोगाव आहेत. त्यांना वाटतं स्कुबा म्हणजे तेच, फक्त तोंडात नळी. तसं नाही, आणि हा गैरसमज जिवावर बेततो.

पहिली गोष्ट, सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो. साधी हवा असते, आपण घेतो तीच, दाबून भरलेली. सर्वसाधारण सिलिंडर अकरा लिटरचा, त्यात 200 बार दाबाने हवा भरतात. म्हणजे सुमारे 2200 लिटर हवा. दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो. दहा मीटरवर दुप्पट, वीसवर तिप्पट, तीसवर चौपट. जेवढा दाब जास्त, तेवढी प्रत्येक श्वासाला हवा जास्त खर्च होते. हिशोब करून बघा : वर माणूस मिनिटाला वीस लिटर हवा घेत असेल, तर दहा मीटरवर चाळीस आणि तीस मीटरवर ऐंशी लागते. सिलिंडरमधले शेवटचे 50 बार राखीव ठेवायचे असतात. मग हाताशी उरते 1650 लिटर. दहा मीटरवर ती चाळीस मिनिटं पुरते, तीस मीटरवर जेमतेम वीस. घाबरून धापा टाकणाऱ्याला त्याहून कमी.

दुसरी गोष्ट कानाची. दोन-तीन मीटर गेल्यावरच कानात दडा बसतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, की कान मोकळा होतो. दर थोड्या अंतरावर हे करत जायचं. दुखत असताना खाली रेटत राहिलं तर पडदा फाटू शकतो. सर्दी झाली असेल तर त्या दिवशी उतरायचंच नाही. पैसे भरलेत म्हणून उतरणारे बरेच असतात, आणि रात्री कान धरून बसतात.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची : श्वास कधीही रोखून धरायचा नाही. विहिरीत बुडी मारणारा नेमका हाच चुकतो, कारण त्याला श्वास कोंडायची सवय. दहा मीटरवर छातीत भरून घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगते. तोंड बंद असेल तर ती फुप्फुस फाडून बाहेर पडते. म्हणून सावकाश, मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त वेगाने नाही, सतत श्वास घेत-सोडत वर यायचं.

सावकाश येण्याचं आणखी एक कारण आहे. हवेतला नायट्रोजन दाबाखाली रक्तात विरघळतो. सोड्याची बाटली फटकन उघडली की फेस उसळतो, हळू उघडली तर नाही. शरीराचंही तसंच. घाईने वर आलं तर रक्तात बुडबुडे होतात. सांधे दुखतात, अंग बधिर होतं, वेळेत उपचार मिळाले नाहीत तर माणूस लुळाही पडू शकतो. म्हणून वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायची पद्धत आहे.

रंगांची गंमतही आहे. पाणी आधी लाल रंग पितं. पाच-सात मीटर खाली गेलं की लाल कपडा तपकिरी वाटायला लागतो, आणखी खोल बोट कापलं तर रक्त हिरवट दिसतं. त्यामुळं टॉर्च लावल्याशिवाय बोटीवरचे खरे रंग कळत नाहीत. फोटोत दिसलेली रंगीबेरंगी बोट प्रत्यक्षात निळी-राखाडी का दिसली, म्हणून नाराज होणाऱ्यांना हे आधी कुणी सांगितलेलं नसतं.

बोटीच्या आत जाणं वेगळं

बोटीच्या बाहेरून फिरणं आणि आत शिरणं या दोन अगदी निराळ्या गोष्टी. बाहेर अडचण आली तर डोक्यावर मोकळं पाणी असतं. आत डोक्यावर लोखंड. तळावर वर्षानुवर्षांचा बारीक गाळ साठलेला असतो. पायातल्या फिन्सचा एक फटका बसला, की तो उठतो आणि समोर धरलेला हातही दिसत नाही. आलो ती वाट सापडत नाही, आणि सिलिंडरमधली हवा तर मोजकीच. म्हणून आत जायला वेगळं शिक्षण लागतं आणि वाटेला दोरा लावत जावं लागतं.

अमेरिकेत फ्लोरिडाच्या की लार्गोजवळ ‘स्पीगेल ग्रोव्ह’ नावाची नौदलाची जुनी नौका 2002 साली अशीच मुद्दाम बुडवली. लांबी 155 मीटर. गुलदारसारखीच तीही सैन्य आणि सामान किनाऱ्यावर उतरवण्याच्या कामातली. मे महिन्यात ठरलेल्या वेळेआधीच ती बुडाली, तीही उलटी, नाक पाण्याबाहेर. मग पुन्हा खर्च करून कुशीवर पाडली. 2005 मध्ये वादळ आलं आणि त्या वादळानेच तिला सरळ उभी केली. माणसांचा सगळा हिशोब चुकला आणि समुद्राने तो आपल्या मनाने दुरुस्त केला. पण 2007 मध्ये त्याच बोटीत आत गेलेल्या तीन डायव्हर्सचा एका दिवशी मृत्यू झाला. अनुभवी माणसं होती, वाट चुकली आणि हवा संपली.

मुद्दाम बुडवायची बोट आधी साफ करतात, ती याचसाठी आणि पाण्यासाठी. तेल, ग्रीस, वायरी, विषारी रंग काढायचे. अडकण्यासारखे दरवाजे काढून टाकायचे, बाजूला मोठी भोकं पाडायची, म्हणजे आतूनही बाहेरचा उजेड दिसतो. लिबर्टीचं हे काम कुणी केलं नव्हतं, पण तिचा माल आणि कामाचं सामान आधीच निघालं होतं आणि भूकंपाने तिला इतकी मोडली की ती ठिकठिकाणी उघडीच आहे. निवतीला मात्र हे काम माणसांनाच नीट करावं लागणार.

पैसा कुणाच्या हातात?

तुलांबेनचं शिकण्यासारखं इथं आहे. पाहुणा शहरातून गाडीने येतो, डायव्हिंगवाला बाहेरचा असू शकतो. पण सिलिंडर गाडीपासून पाण्यापर्यंत नेण्याचं काम गावातल्या हमालांचं, आणि त्यांत बायका मोठ्या संख्येनं. गावानं हे काम संघटितपणे आपल्या हातात ठेवलं आहे. ढकलगाडी किंवा मोटारसायकल लावून ते झटपट होईल, हे तिथंही सगळ्यांना कळतं. शिवाय खानावळी, राहण्याच्या खोल्या, गाईड म्हणून शिकलेली मुलं. ज्यांचे बाप होडीवर होते, ती पोरं आता पाण्याखालची वाट दाखवतात.

दुसरी बाजूही आहे. एकाच धंद्यावर गाव उभं राहिलं की तो धंदा बंद पडला तर गाव बसतं. सप्टेंबर 2017 मध्ये आगुंग पुन्हा जागा होतोय असा सर्वोच्च इशारा दिला गेला आणि डोंगराच्या भोवतालच्या लाखाहून अधिक लोकांना घरं सोडावी लागली. पाहुणे गायब. पुढे 2020 मध्ये कोरोना आला आणि बालीचं विमानतळच परदेशी पर्यटकांना बंद झालं. ज्यांनी शेताचा तुकडा किंवा होडी राखून ठेवली होती, त्यांना निदान हातपाय हलवायला काहीतरी होतं.

आणि बोट काही कायमची नाही. लोखंड खाऱ्या पाण्यात दरवर्षी पातळ होतं. लिबर्टीचे भाग गळून पडत आहेत. सकाळी दहानंतर दक्षिण बालीहून गाड्या आल्या की पाण्याखाली एवढी गर्दी होते की कुणाचा गाईड कोण, हे कळत नाही. नवशिके हाताने धरतात, फिन्स आपटतात, प्रवाळ तुटतं. कितीजण उतरणार याला मर्यादा नसेल, तर जे बघायला लोक येतात तेच झिजतं.

निवतीच्या बाबतीत ग्रामसभेत विचारण्यासारखे प्रश्न यातूनच निघतात. बोट बसेल त्या जागेभोवती किती अंतर जाळी टाकायला बंदी राहील? त्या पट्ट्यात आज मासेमारी करणाऱ्यांचं काय? पर्यटक नेणाऱ्या होड्यांचे परवाने गावातल्यांना की बाहेरच्यांना? गाईड कोण होणार? तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कुबा डायव्हिंगची प्रशिक्षण संस्था आहे, मालवणात वर्षानुवर्षं या धंद्यात असलेली पोरं आहेत. निवती, भोगवे, वेंगुर्ल्याच्या मुला-मुलींना बोट चालू व्हायच्या आधी शिकवून तयार करायचं की नंतर बघू म्हणायचं, हे आत्ताच ठरतं.

एका बाबतीत गुलदार निर्धास्त आहे. ती अपघातात बुडालेली बोट नाही. पाण्याखालची प्रत्येक बोट तशी नसते. 17 जुलै 1947 रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. कोकणातल्या कितीतरी घरांत अजून त्याची आठवण निघते. अशी बोट म्हणजे स्मशान. जगात जिथं अशा बुडालेल्या बोटींवर डायव्हिंग चालतं, तिथंही चांगले गाईड आत उतरण्याआधी तिथं काय घडलं ते सांगतात आणि कशाला हात लावू देत नाहीत.

उतरायचं असेल तर

ज्याने कधी डायव्हिंग केलं नाही, त्याला प्रशिक्षकासोबत जास्तीत जास्त बारा मीटरपर्यंत नेता येतं. तीही वरची हद्द झाली. पहिल्या खेपेला त्याहून बरंच कमी पुरे. पहिला रीतसर कोर्स केला की अठरा मीटर, पुढचा केला की तीस, आणि हौशी डायव्हिंगची शेवटची रेघ चाळीस मीटरवर. गुलदारच्या तळापर्यंत जायचं म्हणजे दहा मिनिटांच्या माहितीवर होणारं काम नाही. होडीवर कुणी तसं सांगत असेल तर उठून यावं.

दमा, हृदयविकार, फिट येणं, नुकतंच झालेलं ऑपरेशन, गरोदरपण, यातलं काही असेल तर फॉर्मवर खोटी खूण करू नये. दारू पिऊन तर नाहीच.

आणि एक गोष्ट घाटावरच्या पाहुण्यांसाठी, जी फारसं कुणी सांगत नाही. खोल डायव्हिंग केल्यावर शरीरात उरलेला नायट्रोजन बाहेर पडायला तास लागतात. उंचावर हवेचा दाब कमी असतो, तिथं लगेच गेलं तर तेच बुडबुडे होण्याचा धोका. म्हणून एका डायव्हिंगनंतर निदान बारा तास आणि एकापेक्षा जास्त केली असतील तर अठरा तास विमानात बसायचं नाही. आंबोली समुद्रापासून सुमारे 690 मीटर उंच आहे. सकाळी उथळ पाण्यात पाच-सहा मीटरवर जाऊन आलेल्याला फार चिंता नाही, पण दिवसभर खोल उतरून संध्याकाळीच गाडी घाटाला लावणं बरं नव्हे. ती रात्र किनाऱ्यावरच काढावी. मुक्कामाचे पैसे गावातच राहतील.